फोरमनभाऊंचे दोन प्रश्न

कोणाच्याही घरी गेले की फोरमनभाऊ आधी दुसरं दार शोधायचे. लग्नाचा हॉल असो, विहार असो की दवाखाना, आत पाऊल ठेवलं की त्यांची नजर माणसांच्या आधी भिंतींवरून फिरायची. मागचं दार सापडलं, त्याला कुलूप नाही याची खात्री झाली, की मग ते "जय भीम" म्हणून निवांत बसायचे. आमच्या क्वार्टरला मागे दार होतं, पण आईने त्याला टेकून तांदळाची कोठी ठेवली होती. फोरमनभाऊ पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी चहाच्या आधी ती कोठी स्वतः बाजूला सरकवली. आई चिडली. वडिलांनी तिला खुणेने थांबवलं. चंद्रपूरच्या वीज केंद्रात ते फोरमनभाऊंच्या हाताखाली बॉयलरवर काम करत, आणि त्यांना या सवयीचं कारण माहीत होतं.

मला ते बरंच पुढे कळलं. चंद्रपूरला येण्याआधी, अगदी तरुणपणी, ते दूरच्या एका कारखान्यात कामाला होते. तिथे वाफेची नळी फुटली. त्यांचा जोडीदार ज्या दाराकडे धावला त्याला बाहेरून कडी होती. चोरी होऊ नये म्हणून कोणीतरी लावली होती. याहून जास्त त्यांनी कधीच सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांचा मुक्काम वसाहतीतल्या वाचनालयात असे. रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपली की तिथे चार-सहा म्हातारे जमत आणि वीज कशाची चांगली यावर भांडत. कोळशाच्या गावात दुसरं कशावर भांडणार? रामटेके भाऊ खाणीतून निवृत्त झालेले; ते कोळशाच्या बाजूने. देशकर सर शाळेत विज्ञान शिकवायचे. ते अणुविजेच्या बाजूने. नवीन लग्न झालेला एखादा जावई यायचा आणि सौरऊर्जेचं कौतुक करून जायचा. मी वर्तमानपत्र वाचायच्या निमित्ताने कोपऱ्यात बसून ऐकत असे.

फोरमनभाऊ आधी सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. मग त्यांचे दोन प्रश्न यायचे. कोणत्याही विजेबद्दल तेच दोन. "बिघडलं तं कोण मरते? आन् चाललं तं कोण खाते?"

रामटेके भाऊ म्हणायचे, कोळशाने हा जिल्हा उभा केला. फोरमनभाऊ मान डोलवायचे. कोळशाने आपली पोरं शिकली आणि आपला खोकलाही कोळशानेच दिला, दोन्ही एकाच पानावर लिहा, असं ते सांगायचे. देशकर सर म्हणायचे, कोळशाने रोज थोडी थोडी माणसं मरतात म्हणून त्याची बातमी होत नाही, अणूचं एकदाच होतं म्हणून सगळे घाबरतात. हे फोरमनभाऊंना पटायचं, तसं ते कबूलही करायचे. फक्त पुढे विचारायचे, "पण सर, तुमचं एकदा बिघडलं तं किती वर्षं बिघडलेलं राह्यते?" सर प्रामाणिक होते. ते चष्मा पुसत बसायचे. जावयाची पाळी आली की फोरमनभाऊ विचारायचे की छपरावर चढून ती काच पुसणारा पोरगा कोणाचा असेल, आणि ज्या पडीक जमिनीवर ती काच अंथरायची तिथे आज कोणाच्या बकऱ्या चरतात.

एकदा रामटेके भाऊ वैतागून म्हणाले, तुमचं तर कशालाच हो नाही, मग कंदील लावून बसायचं का? फोरमनभाऊ हसले. "कंदिलानं घरं जळाली नाई का? मी कोणाच्या इरोधात नाई, भाऊ. जो माणूस मशीनजवळ उभा राह्यते न, मी त्याच्या बाजूनं आहो."

अकरावीत असताना जिल्ह्याच्या वादविवाद स्पर्धेत मी भाग घेतला. विषय होता अणुऊर्जा हवी की नको. मला 'नको' बोलायचं होतं. फोरमनभाऊंनी पहिले आठ दिवस माझ्याकडून फक्त 'हवी'ची तयारी करून घेतली. ज्याच्याशी भांडायचं त्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं सांगता आलं पाहिजे, असा त्यांचा नियम. मी पहिली आले. कप घेऊन धावत त्यांच्याकडे गेले तर त्यांनी विचारलं, तू जे बोललीस त्यातलं तुला स्वतःला किती पटलं? मी म्हटलं, सगळं. ते म्हणाले, "मंग काई तरी खोटं बोलली तू." आणि मला पेढा दिला.

त्यांची आणखी एक सवय म्हणजे कार्बन पेपर. जे काही लिहायचे त्याची खाली एक प्रत निघायची. पाळी बदलताना पुढच्या माणसाला आपण काय सांगितलं हे लिहिलेलं असलं पाहिजे, ही बॉयलरवरची शिस्त त्यांनी घरीही आणली होती. किराण्याची यादीसुद्धा दोन प्रतींत. काकू म्हणायच्या, लग्नाआधी मला पाठवलेल्या पत्राचीही प्रत यांच्या पेटीत निघेल. ती निघालीही होती म्हणे.

मी इंजिनीअर झाले त्यात त्या माणसाचा मोठा वाटा होता. आमच्या घरात तोवर कोणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं. फॉर्म आणायला, प्रवेशाच्या रांगेत उभं राहायला वडिलांबरोबर फोरमनभाऊ असत. नोकरी मला एका संस्थेत मिळाली. दूरच्या गावांत वीज पोचवायचं तिचं काम. नाव सांगत नाही. जे झालं त्यात संस्थेपेक्षा माझा दोष मोठा आहे.

माझ्याकडे आलेलं पहिलं गाव होतं हेमलकशाच्या पुढे, रस्ता सोडून आत जंगलात. तीस-पस्तीस घरं, सगळी माडिया आदिवासींची. विजेची तार गावापासून चार टेकड्या अलीकडे थांबलेली. गोटुल हे गावाचं समाजघर; त्याच्याजवळच्या झाडाखाली गावाची बैठक झाली. सौर पॅनेल घ्यायचं, तारेची वाट पाहायची की तुसावर चालणारी मशीन बसवायची, यावर सकाळपासून दुपारपर्यंत बोलणं चाललं. फोरमनभाऊंनी शिकवल्याप्रमाणे मी तिन्ही बाजू मांडल्या. शेवटी निर्णय झाला तो जुरीमुळे. आश्रमशाळेत सात वर्गांपर्यंत शिकलेली, मराठी चांगलं बोलणारी बाई. ती म्हणाली, दिवे कशानेही लागतील, पण धान भरडायला आम्ही बाया डोक्यावर पोती घेऊन नाले ओलांडतो, ते कशाने थांबेल ते सांगा. पॅनेलवर तेवढी मोठी मशीन चालवायला आमच्याकडे निधी नव्हता. तुसाची मशीन ठरली. बंद भट्टीत धानाचं तूस अर्धवट जाळायचं, त्यातून गॅस निघतो, गॅसवर इंजिन चालतं, इंजिनावर धान भरडायचं आणि दिवे लावायचे. मशीन चालवायला जुरीचा नवरा कोपा शिकून तयार झाला. त्याचा हात यंत्रावर चांगला बसला होता.

सगळं उभं राहिल्यावर मी फोरमनभाऊंना तिथे नेलं. खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती. एस.टी.ने आलापल्ली, तिथून संस्थेची जीप. ते खोकत खोकत उतरले, पाणी प्यायले आणि मशीनच्या खोलीत शिरले. वीट-सिमेंटच्या चार भिंती, वर टिनाचं छत, एक लोखंडी दार, वर दोन झरोके. बाहेरच्या भिंतीवर संस्थेचं नाव निळ्या रंगात नुकतंच रंगवलं होतं. त्यांनी चारी भिंती पाहिल्या. मग कोपाला मशीन सुरू करायला लावली, इंजिनाला कान लावला, जुरीच्या ओंजळीतले तांदूळ पाहिले आणि खूश झाले. बाहेर येऊन मला म्हणाले, "मशीन चांगली आहे, पोरी. खोली वाईट आहे. भिंती पाड."

या गॅसमध्ये विष असतं, आणि त्या विषाला वास नसतो, हे मलाही माहीत होतं. झरोके म्हणूनच तर ठेवले होते, असं मी सांगितलं. ते म्हणाले की पावसाळ्यात झरोक्यातून पाणी आलं की माणूस तिथे पोतं कोंबतो. हा कोपाचा दोष नाही, माणसाचा स्वभाव आहे, आणि खोली माणसाचा स्वभाव पाहून बांधायची असते. गोटुलाच्या ओट्यावर बसून त्यांनी वहीत सात मुद्दे लिहिले. दोन बाजूच्या भिंती पाडाव्यात. दार काढावं. एकट्या माणसाने मशीन चालवू नये. डोकं दुखलं तर आधी माणूस बाहेर, मशीन नंतर. असे सात. वरची प्रत मला दिली, खालची शर्टाच्या खिशात ठेवली.

पंधरा दिवसांनी मदत देणारे पाहुणे मुंबईहून येणार होते. भिंत पाडली तर नाव रंगवलेली भिंतच जाणार होती. पाडायला सांगितलं तर आधी का बांधली, हा प्रश्न येणार होता, आणि आराखडा माझा होता. मी ठरवलं की पाहुणे गेले की भिंती पाडू. पाहुणे आले, दिवे लागले, फोटो निघाले. अहवालात मी एक वाक्य लिहिलं: ऊर्जा क्षेत्रातील ज्येष्ठ तज्ज्ञांनी प्रत्यक्ष पाहणी करून समाधान व्यक्त केले. खाली कंसात फोरमनभाऊंचं पूर्ण नाव. मशीन चांगली आहे असं ते म्हणाले होतेच, एवढ्या आधारावर मी ते लिहिलं. ते सात मुद्दे माझ्या टेबलाच्या खणात राहिले. भिंतीही राहिल्या. माझ्याकडे दुसरी गावं आली होती.

आषाढात एका दुपारी तिरप्या पावसाने झरोक्यांतून मशीनवर पाणी येऊ लागलं. कोपाने झरोक्यांत पोती कोंबली आणि दार लोटून घेतलं. तो एकटाच होता. जुरी भरडलेलं धान न्यायला आली तेव्हा तो इंजिनाजवळ पडलेला होता. तिने त्याला पायाला धरून पावसात ओढून काढलं. नाल्याला पूर असताना चार माणसांनी त्याला खाटेवर घालून दवाखान्यात पोचवलं. कोपा वाचला. पण त्याचे हात थरथरू लागले, आणि नवीन काही त्याच्या ध्यानात राहीना. सकाळी आलेला माणूस दुपारी पुन्हा आला तर तो त्याला पहिल्यांदा भेटल्यासारखा भेटे.

संस्थेने चौकशी बसवली. गडचिरोलीच्या कार्यालयात तीन माणसं टेबलापलीकडे बसली होती. अहवालात नाव होतं म्हणून फोरमनभाऊंनाही बोलावलं होतं. तुम्ही समाधान व्यक्त केलं होतं का, असं त्यांना विचारलं. ते म्हणाले, मशीनबद्दल केलं होतं, खोलीबद्दल नाही. भिंती पाडा म्हणून सांगितलं होतं. साहेबांनी विचारलं, हे लेखी दिलं होतं?

फोरमनभाऊंच्या खिशात घडी केलेला कागद होता. पातळ शर्टातून कार्बनची निळी अक्षरं मला दिसत होती. त्यांनी खिशाला हात लावला नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "हे तिले विचारा."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही. तोंडी काहीतरी बोलले होते."

फोरमनभाऊंनी मान खाली घातली. पुढे कोणी काही विचारलं तर ते एवढंच म्हणाले की मी खोली पाहिली आणि तशीच सोडून परत आलो, पाळीवर असतो तर सोडून गेलो नसतो. तेवढा दोष माझा लिहा.

बाहेर पिंपळाखाली मी त्यांना विचारलं, कागद का दाखवला नाही? माझा आवाज चढलेला होता, जणू चूक त्यांचीच. ते म्हणाले, "कागदानं तुले पकडलं असतं. तू सोताहून सांगितलं असतं तं तू सुटली असती."

आठ दिवसांनी निकाल लागला. चालकाने सूचना न पाळता दार व झरोके बंद केले, चालकाचा निष्काळजीपणा. म्हणजे कोपा. दवाखान्याच्या पुढच्या खर्चाची जबाबदारी संस्थेवर येत नव्हती. मी तो कागद वाचून घडी करून ठेवला. संध्याकाळी फोरमनभाऊ घरी आले. कोठी सरकवलेलीच होती, तरी ते बसले नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले की त्यांना वाटलं होतं दोष वाटला जाईल, थोडा त्यांच्यावर, थोडा संस्थेवर. तो सगळा त्या माणसाच्या डोक्यावर जाईल असं वाटलं नव्हतं. मग म्हणाले, "पंधरा दिवस देतो. ते सात मुद्दे तू पाठव. नाई तं मी पाठवतो."

त्या पंधरा दिवसांत मी तीन वेळा पत्र लिहिलं आणि तिन्ही वेळा फाडलं. माझं लग्न ठरत आलं होतं. घराचं कर्ज होतं. कारणं खरी होती, पण ती माझी होती. कोपाला त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. सोळाव्या दिवशी फोरमनभाऊंनी आपली प्रत रजिस्टर पोस्टाने पाठवली. संस्थेने निकाल बदलला, कोपाच्या उपचाराची जबाबदारी घेतली आणि मला राजीनामा द्यायला सांगितलं.

इथवरचं सांगायला लाज वाटते, पण पुढचं सांगायला जास्त वाटते. मी फोरमनभाऊंवर रागावले. पोटच्या पोरीसारखी वाढवली आणि पाठीत वार केला, असं मी आईला म्हणायची. वडील रविवारी त्यांच्याकडे जायचे. त्यांचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही, अशी मी ताकीद दिली होती. लग्नाची पत्रिका त्यांना दिली नाही. पुढे गडचांदूरला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायची नोकरी लागली. तिथे एकदा दुपारी दाराची कडी वाजली. खिडकीच्या फटीतून मी पाहिलं. खांद्याला पिशवी, हातात काठी, अंग अर्धं झालेले फोरमनभाऊ. मी खिडकीपासून मागे सरले. थोडा वेळ वाट पाहून ते घराला वळसा घालून मागे आले. मागच्या दारावर त्यांनी एकदाच टकटक केली. मी आतून कडीवर हात ठेवून उभी होते. कडी उघडली नाही. काठीचा आवाज दूर जाईपर्यंत तशीच उभी होते.

मुलांना तेव्हा मी ऊर्जेचे स्रोत हाच धडा शिकवत होते. फायदे आणि तोटे, दोन रकाने. फळ्यावर लिहिताना दोन्ही रकान्यांत माणूस कुठेच येत नाही, हे मला दिसायचं, आणि मी फळा पुसून टाकायची.

फोरमनभाऊ गेल्याची बातमी वडिलांनी फोनवर सांगितली. ताकीद आठवून ते अडखळत बोलत होते. मी गेले. विहाराच्या सभामंडपात फोटोजवळ मेणबत्त्या लावल्या होत्या. रामटेके भाऊ, देशकर सर, सगळे बोलले. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी मान हलवून नाही म्हटलं. काकूंनी मला जवळ बसवून घेतलं, हात धरून ठेवला आणि काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दोन महिन्यांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, मी त्या गावाला गेले. आता तार गावात पोचली आहे. धान भरडायची मशीन मोटरवर चालते. जुन्या खोलीच्या भिंती पाडलेल्या होत्या. नुसतं छत उरलं होतं आणि त्याखाली मोहफुलं वाळत घातली होती. जुरीने मला लगेच ओळखलं.

"तू रिपोटवाली बाई न?"

मी हो म्हटलं. ती म्हणाली, "भाऊ सांगत होते. ते पोरगी एक दिवस येईन म्हणे."

मला वाटलं होतं फोरमनभाऊ फार तर एकदा येऊन गेले असतील. जुरी म्हणाली, दर उन्हाळ्यात यायचे. भिंती त्यांनीच गावाला बरोबर घेऊन लोखंडी सब्बलीने पाडायला लावल्या. मी विचारलं, त्यानंतर येऊन काय करायचे? तिने ओट्यावर बसलेल्या कोपाकडे पाहिलं. "त्याच्याजवळ बसायचे. सांगायचे का मी खोली पाह्यली होती, आन् सोडून गेलो. तो इसरून जाते. भाऊ फिरून सांगायचे."

मी कोपाजवळ जाऊन बसले. त्याने माझ्याकडे पाहून मान लववली, पाहुण्याला लववतात तशी. मी कोण ते सांगितलं. तुमची खोली मी बांधली, असं सांगितलं. भिंती पाडायला मला सांगितलं होतं, मी पाडल्या नाहीत; लेखी सांगितलं होतं, ते मी लपवलं; आणि माझी चूक तुमच्या नावावर जाऊ दिली. जुरी वाक्यावाक्याला थांबून माडियात सांगत होती. तो लक्ष देऊन ऐकत होता. थरथरणारा हात त्याने दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता. शेवटी तो काहीतरी बोलला. जुरी म्हणाली, "तो म्हणते, सांगितलं ते बरं केलं."

मी रडले. जुरीने कोरा चहा आणला. तिघेही चहा पीत बसलो. समोर मोहफुलांवर कोंबड्या यायच्या आणि जुरी त्यांना हुसकायची. थोड्या वेळाने कोपाने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि बायकोला माडियात हळूच काही विचारलं. तेवढं मला भाषा न येताही कळलं. ही बाई कोण, असं तो विचारत होता.

जुरीने माझ्याकडे पाहिलं. मी कप खाली ठेवला आणि पहिल्यापासून सांगायला लागले.